औषधे निकामी, दोष रुग्णाच्या माथी

२८ डिसेंबर २०२५ रोजी ‘मन की बात’ या नभोवाणीवरील भाषणात पंतप्रधानांनी प्रतिजैविक औषधांचा विषय काढला. न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा दाह अशा रोगांवर ही औषधे पूर्वीप्रमाणे लागू पडत नाहीत, या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या निष्कर्षाचा त्यांनी उल्लेख केला, लोक विचार न करता औषधे घेतात हे त्याचे कारण म्हणून पुढे केले, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती घेऊ नयेत असे आवाहन केले. सल्ल्यात वावगे काही नाही. परंतु देशाचा राज्यकारभार ज्यांच्या हाती आहे त्यांनी एवढ्यावरच थांबावे; ही औषधे कोण बनवितो, कोण ती खपवितो, कारखान्यांचे सांडपाणी कोठे सोडले जाते, कोंबड्यांच्या खाद्यात काय मिसळले जाते, या प्रश्नांना त्या आवाहनात जागा मिळू नये, ही गोष्ट सहज घडलेली नाही. या आवाहनाच्या चाळीस दिवस आधी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्धची दुसरी राष्ट्रीय कृती योजना (२०२५–२९) प्रसिद्ध केली होती. पहिल्या योजनेची मुदत २०२१ मध्येच संपली होती. मधली वर्षे रोगजंतूंनी अर्थातच वाया घालविली नाहीत.

या संकटाचे स्वरूप किती भयानक आहे हे सांगण्यास आता अंदाजांची गरज उरलेली नाही. जानेवारी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीनुसार २०१९ या एका वर्षात १२ लाख ७० हजार माणसे औषधांना दाद न देणाऱ्या जीवाणूंमुळे दगावली, आणि ज्या मृत्यूंमध्ये अशा जीवाणूंचा काही ना काही हात होता ते सर्व धरले तर आकडा ४९ लाख ५० हजारांवर जातो. २६ सप्टेंबर २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने या प्रश्नावर उच्चस्तरीय बैठक घेतली आणि २०३० पर्यंत हे मृत्यू १० टक्क्यांनी कमी करण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी जगातील सर्व राष्ट्रांनी मिळून प्रारंभिक निधीचे जे उद्दिष्ट ठेवले ते आहे १० कोटी डॉलर. एका अत्याधुनिक लढाऊ विमानाची किंमत साधारण एवढीच असते.

जीवाणू औषधाला दाद देईनासे का होतात? त्यात गूढ काही नाही. अनुकूल परिस्थितीत काही जीवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एवढ्या प्रचंड पैदाशीत काही जीवाणूंमध्ये आपोआप असे बदल होतात की औषधाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. औषध दुबळ्यांना मारते, हे चिवट तेवढे मागे राहतात आणि मोकळे रान मिळाल्याने वाढतात. पण जीवाणूंचे खरे सामर्थ्य त्याहूनही निराळे आहे. प्रतिकाराचा गुण ज्यात साठविलेला असतो ते जनुकांचे छोटे कडे, ज्याला प्लास्मिड म्हणतात, एक जीवाणू दुसऱ्या जीवाणूला देऊ शकतो. तो दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतो. कोंबडीच्या आतड्यात तयार झालेला गुण अशा रीतीने माणसाच्या आतड्यातील जंतूंकडे येतो, गटारातील जंतू तो नदीतील जंतूंना देतात. माणूस, जनावर आणि भोवतालचे पाणी-माती यांचे आरोग्य एकच आहे, असे जे आज आंतरराष्ट्रीय परिषदांतून ‘वन हेल्थ’ या नावाने सांगितले जाते त्याचा अर्थ हाच. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच अपुऱ्या मात्रेने जंतू निर्ढावतील असा इशारा दिला होता. म्हणजे सूचना पहिल्या दिवसापासून होती.

मग जबाबदारी कोणाची? सत्ताधाऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे: अडाणी रुग्णाची. तो दुकानातून परस्पर गोळ्या घेतो, बरे वाटताच त्या अर्धवट सोडतो. असे घडते हे खरेच आहे. पण ज्याची रोजी एक दिवस बुडाली तर चूल पेटत नाही असा बांधकामावरचा मजूर ताप आला असता काय करील? सरकारी दवाखाना दूर, तेथे दुपारपर्यंत रांग, खाजगी डॉक्टरची फी वेगळी, तपासणीचे पैसे वेगळे. तो औषधाच्या दुकानात जातो आणि खिशात असतील तेवढ्या पैशांच्या गोळ्या घेतो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. २०२१–२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या साथीच्या वर्षातदेखील, तो १.८४ टक्के होता, आणि देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. डॉक्टरांचा सल्ला घ्या असे सांगणाऱ्यांनी डॉक्टर कोठे आहे हेही सांगावयास हवे.

शिवाय ‘अतिवापर’ हा शब्द अर्धीच हकीकत सांगतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारतासह आठ देशांतील, सर्वांत चिवट अशा जीवाणूंमुळे झालेल्या सुमारे १५ लाख संसर्गांचा हिशेब मांडला आहे. २०१९ मध्ये त्यांपैकी योग्य औषध मिळालेल्यांचे प्रमाण ६.९ टक्के होते, भारतात ७.८ टक्के. म्हणजे एका बाजूला साध्या सर्दीखोकल्यावर प्रतिजैविकांचा मारा आणि दुसऱ्या बाजूला ज्याला खरोखर गरज आहे अशा शंभर रुग्णांपैकी बाण्णवांना योग्य औषध नाही. बाजाराच्या हाती आरोग्य सोपविले की औषध गरजेप्रमाणे नव्हे, तर खपाप्रमाणे वाहते.

खप वाढविण्याची यंत्रणाही काही गुप्त नाही. औषध कंपन्या आपल्या वैद्यकीय प्रतिनिधींना महिन्याचे विक्रीचे लक्ष्य ठरवून देतात. ते पुरे झाले नाही तर बदली, पगारकपात किंवा घरचा रस्ता. डॉक्टरांना भेटी देऊन औषधे लिहवून घेण्याच्या प्रथेविरुद्ध याच प्रतिनिधींच्या अखिल भारतीय संघटनेने, एफएमआरएआयने, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. कामगार संघटना स्वतःच्या वेतनापलीकडे जाऊन मालाच्या विक्रीपद्धतीलाच आव्हान देते, असा हा दुर्मिळ लढा आहे; पक्षाच्या कामगार आघाडीवरही त्याची व्हावी तेवढी चर्चा झालेली नाही. सरकारने मार्च २०२४ मध्ये विपणनाची ‘समान संहिता’ काढली, पण तिला कायद्याचा दर्जा दिला नाही आणि तक्रारींची चौकशी कंपन्यांच्याच संघटनांकडे सोपविली. दोन-दोन प्रतिजैविके एका गोळीत कोंबून नव्या नावाने विकण्याचा प्रकार याच जातीचा. अशा प्रकारच्या ३४४ मिश्र औषधांवर मार्च २०१६ मध्ये बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या. अडीच वर्षांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ३२८ औषधांवर पुन्हा बंदी घालावी लागली. आणि १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या ‘अनुसूची एच-१’नुसार महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही दुकानदाराने ठेवली पाहिजे, हा नियम तपासणार कोण? दर २०० औषध दुकानांमागे एक निरीक्षक असावा अशी शिफारस माशेलकर समितीने २००३ मध्ये केली होती. निरीक्षकच नेमावयाचे नसतील तर नोंदवही ही केवळ स्टेशनरी ठरते.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट, जिच्याविषयी रेडिओवर बोलणे सोयीचे नसते, ती हैदराबादजवळच्या पाटनचेरू येथे घडली. २००७ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तेथील एका सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी या केंद्रात येत होते. प्रक्रिया करून ‘शुद्ध’ झालेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतक्या प्रमाणात नसते. एका दिवसात सुमारे ४५ किलो सिप्रोफ्लॉक्सासिन नाल्यात जात होते, म्हणजे ४५ हजार रुग्णांचा दिवसाचा डोस. इसकवागू आणि नक्कवागू या ओढ्यांतून हे पाणी मांजरा नदीकडे जाते. आणि बीडच्या डोंगरात उगम पावलेली ही मांजरा तेलंगणातून वळसा घेऊन पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरून गोदावरीला मिळते. पाटनचेरूच्या आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी आणि डॉ. किशन राव यांच्यासारख्या तेथील वैद्यकाने या प्रदूषणाविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिला. १९९० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या जमिनी नापीक झाल्या आणि ज्या विहिरींचे पाणी तोंडात घालवेना, त्यांची गणना प्रतिजैविकांच्या ‘गैरवापरा’त कधीच होत नाही.

या उघडकीनंतर तेरा वर्षांनी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयास जाग आली. जानेवारी २०२० मध्ये त्याने औषध कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मानकांचा मसुदा काढला. त्यात १२१ प्रतिजैविकांच्या अवशेषांची कमाल मर्यादा ठरविली होती. जगात अशी मर्यादा कायद्याने घालू पाहणारा भारत हा पहिला देश ठरला असता. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा प्रतिजैविकांच्या मर्यादेचा भाग त्यातून नाहीसा झालेला होता. कारखानदारांनी मसुद्याला विरोध केला होता हे सर्वश्रुत आहे. या मर्यादा सर्वसामान्य जनतेने गाळावयास लावल्या असे कोणी म्हणणार नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे शास्त्रीय आधार नव्हता ही सबबही आता उरलेली नाही.

जनावरांकडे वळावे तर इतिहास अमेरिकेतून सुरू होतो. १९४८ ते १९५० या काळात लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत असे दिसून आले की ऑरिओमायसिन तयार करताना उरलेला चोथा कोंबड्यांना खाऊ घातला तर त्यांचे वजन लवकर वाढते. टाकाऊ मालाला बाजार मिळाला. पुढील दोन दशकांत रोग नसतानाही खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची रीत जगभर पसरली. ब्रिटनमध्ये स्वान समितीने १९६९ मध्येच धोक्याची घंटा वाजविली. स्वीडनने १९८६ मध्ये आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वजनवाढीसाठी या औषधांवर पूर्ण बंदी घातली. भारतात कोलिस्टिन हे, सर्व औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागात वापरले जाणारे शेवटचे हत्यार, कोंबड्यांना सर्रास दिले जात होते. कोलिस्टिनला निकामी करणारे आणि प्लास्मिडवरून पसरणारे जनुक चीनमध्ये डुकरांत व माणसांत सापडल्याचे नोव्हेंबर २०१५ मध्ये जाहीर झाले. भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर जुलै २०१९ मध्ये बंद केला.

येथेही दोष लहान शेतकऱ्याच्या माथी मारण्याची घाई दिसते. करार पद्धतीच्या कुक्कुटपालनात पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनी देते. शेड, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची. पक्षी मेले तर त्याचा मोबदला घटतो. अशा स्थितीत बाटलीत काय आहे हे विचारण्याची ताकद त्याच्यापाशी नाही. गाईला कासदाह झाला, गावच्या भाषेत दगडी झाली, तर दूध उत्पादकाला जनावरांचा सरकारी डॉक्टर वेळेवर मिळेलच असे नाही. मिळेल त्याच्याकडून इंजेक्शन टोचून घ्यावे लागते, आणि औषधाचा अंश उतरेपर्यंत दूध डेअरीला घालू नये हा नियम पाळला तर त्या दिवसांचे पैसे बुडतात, ते कोणी भरून देत नाही. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांच्या लेपाचा प्रसार चालविला आहे. प्रतिजैविकांचा वापर त्याने कमी होतो असा मंडळाचा अनुभव आहे. अशी कामे कंपन्या करणार नाहीत, कारण कोरफडीचे पेटंट कोणाला घेता येत नाही. दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. युरोपला जाणाऱ्या भारतीय कोळंबीत प्रतिजैविकांचा अंश सापडला तर सबंध माल परत येतो, म्हणून निर्यातीच्या मालाची काटेकोर तपासणी होते. दिल्ली परिसरातील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०१४ मध्ये तपासले तेव्हा त्यांपैकी ४० टक्क्यांत अवशेष सापडले. परदेशी ताटासाठी एक मोजमाप आणि स्वदेशी ताटासाठी दुसरे, हे ‘राष्ट्रवादी’ म्हणविणाऱ्या सरकारांना खुपत नाही.

पिकांबाबत एक कटू सत्य नोंदविले पाहिजे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला, तो स्वस्त पेनिसिलिन लोकांना मिळावे म्हणून. पाठोपाठ १९६१ मध्ये आयडीपीएल आली आणि सोव्हिएत सहकार्याने ऋषिकेशला प्रतिजैविकांचा मोठा कारखाना निघाला. बहुराष्ट्रीय कंपन्यांची मक्तेदारी मोडण्याचे काम या दोन सार्वजनिक उद्योगांनी केले. १९७५ च्या हाथी समितीने सार्वजनिक क्षेत्राला अग्रस्थान द्यावे आणि ब्रँडची नावे टप्प्याटप्प्याने रद्द करावीत असे सुचविले होते. झाले उलटेच. उदारीकरणाच्या काळात हे कारखाने आजारी पाडले गेले, पेनिसिलिनचा मूळ पदार्थ चीनमधून आणण्याची पाळी आली, आणि २०२० मध्ये औषधांच्या मूलद्रव्यांसाठी खाजगी उद्योगांना ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर करावी लागली. याच घसरणीच्या काळात पिंपरीच्या कारखान्याचे स्ट्रेप्टोसायक्लिन नाशिक-सोलापूरच्या डाळिंबबागांत तेल्या रोगावर फवारले जात होते. त्यातील स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील जुने औषध. शेतीत त्याचा वापर थांबविण्याचा मसुदा केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये काढला. सार्वजनिक मालकी असली म्हणजे समाजहित आपोआप साधते असे नाही. लोकनियंत्रण आणि आरोग्याचे नियोजन नसेल तर सार्वजनिक कारखानाही तग धरण्यासाठी बाजाराच्याच वाटेने जातो, याचे हे उदाहरण आहे.

नवे औषध का येत नाही याचे उत्तर कंपन्यांच्या ताळेबंदात सापडते. मधुमेहाची गोळी रुग्ण जन्मभर घेतो; प्रतिजैविक आठवडाभर, आणि नवे प्रतिजैविक तर जपून वापरावयाचे असते. म्हणून २०१८ मध्ये नोव्हार्टिसने या क्षेत्रातील संशोधन बंद केले. अमेरिकेतील अकॅओजेन या छोट्या कंपनीच्या प्लाझोमायसिनला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. समाजाला ज्या मालाची सर्वाधिक निकड आहे तो यशस्वीपणे बनविल्यामुळे बुडणे, हे भांडवली उत्पादनपद्धतीचेच वैशिष्ट्य! याउलट बेडाक्विलिन या क्षयरोगाच्या औषधावर, ज्याच्या संशोधनात मोठा सार्वजनिक पैसा खर्च झाला, जॉन्सन अँड जॉन्सनने मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविण्याचा प्रयत्न केला. तो भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. आव्हान देणाऱ्या दोघीजणी, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची, स्वतः क्षयरोगातून बऱ्या झालेल्या होत्या आणि जुन्या विषारी औषधांनी दोघींचीही श्रवणशक्ती गेली होती. जगातील सुमारे पाव क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, त्या देशात ही लढाई सरकारने नव्हे तर रुग्णांनी लढली.

संसर्गच झाला नाही तर औषध लागणार नाही, ही साधी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. २०१६ च्या अखेरीस पाकिस्तानातील सिंध प्रांतात, तेथल्या हैदराबाद शहरात, जवळपास कोणत्याही नेहमीच्या औषधाला न जुमानणारा विषमज्वर पसरला. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळत होते. पाकिस्तानने नोव्हेंबर २०१९ मध्ये विषमज्वराची नवी लस नियमित लसीकरणात आणली. ती लस बनली होती दख्खनच्या हैदराबादेत, आणि तिचा सार्वजनिक वापर नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्येच केला होता. दिल्लीत २०११ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांत एनडीएम-१ हे अत्यंत घातक प्रतिरोधी जनुक सापडले. तेव्हा सत्ताधाऱ्यांचा सारा संताप जनुकाच्या नावात ‘नवी दिल्ली’ का, यावरच खर्ची पडला होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार शहरी भारतात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. उरलेले नद्यांना जाते.

वेगळ्या मार्गाने जाता येते हे केरळने दाखविले. राज्याचा स्वतंत्र आराखडा ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वप्रथम तेथे तयार झाला, आणि त्या वेळच्या डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने जानेवारी २०२४ पासून चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर धाडी घालण्याची मोहीम चालविली. ही मोहीम जमली त्याचे कारण धाडी नव्हेत. गावोगाव चालू असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथे बसणारा डॉक्टर आणि घरोघर जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या यांच्याशिवाय चिठ्ठीची सक्ती म्हणजे गरिबाला औषध नाकारणे होय. हिंदी पट्ट्यातील राज्यांनी केवळ धाडींचे अनुकरण केले तर परिणाम हाच होईल.

नव्या राष्ट्रीय योजनेत अनेक मंत्रालयांना कामे वाटून दिली आहेत. परंतु योजना म्हणजे कायदा नव्हे. विधिमंडळांतील आणि नगरपालिकांतील पक्षप्रतिनिधींनी, किसान सभेने आणि कामगार संघटनांनी या योजनेचा आपापल्या भागातील हिशेब मागितला पाहिजे: औषध निरीक्षकांची किती पदे रिकामी आहेत, सरकारी इस्पितळात जंतुपरीक्षेची सोय आहे का, पशुवैद्यकाची नेमणूक झाली का, कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यावर त्यातील औषधाचे नाव छापलेले असते का, औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांची तपासणी कधी झाली. औषध कारखान्यांतील कामगारांना हे पाणी कोणत्या वेळी आणि कोणत्या नाल्यात सोडले जाते याची माहिती कोणत्याही निरीक्षकापेक्षा अधिक असते. आणि ऑगस्ट २०२१ मध्ये गाळलेल्या १२१ प्रतिजैविकांच्या मर्यादा पुन्हा घालण्यासाठी संसदेत नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखाली मंत्रालयाने एक अधिसूचना काढली की काम होते.